डब्यातली हळद आणि बाटलीतलं कर्क्युमिन



"डॉक्टर, फॅटी लिव्हर निघालंय. हळदीची कॅप्सूल सुरू केली तर चालेल ना? नैसर्गिकच आहे."

हा प्रश्न मला आठवड्यातून तीन-चार वेळा तरी येतो. कधी रुग्ण स्वतः विचारतात, कधी त्यांची मुलं फोनवर विचारतात, आणि अलीकडे तर सकाळी फिरायला गेलो तरी कोणीतरी गाठून विचारतं. आज त्याचं उत्तर सविस्तर देतो. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. आमटी-भाजीतली हळद खुशाल खा. कर्क्युमिनची बाटली मात्र लिव्हरसाठी म्हणून घेऊ नका. त्यात मिरीचा अर्क घातलेला असेल तर अजिबातच नको.

माझं हे मत पहिल्यापासून नव्हतं. ते कसं बदललं, ते सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण त्यात चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी चोपन्न वर्षांच्या एक काकू माझ्याकडे आल्या. उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी ६.३, आणि लिव्हरचं एसजीपीटी ६२. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नव्हतं. मी नेहमीप्रमाणे चालणं, जेवण, वजन यावर बोललो. उठता उठता त्यांनी पर्समधून एक बाटली काढली. परदेशातल्या मुलाने पाठवलेली. "हे घेऊ का हो? लिव्हरला चांगलं असतं म्हणे." बाहेर पंधरा पेशंट खोळंबले होते. मी लेबलवर नजर टाकली, पिवळा रंग आणि हळकुंडाचं चित्र दिसलं, आणि म्हणालो, "घ्या, हळदच आहे. काही बिघडत नाही."

केसपेपरवर मी त्याची नोंदही केली नाही.

चार महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, काकू पुन्हा आल्या. भूक मेलेली, मळमळ, लघवी चहासारखी, डोळे पिवळे. पावसाळ्यात कावीळ म्हटलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते हेपॅटायटिस ए किंवा ई, म्हणजे दूषित पाण्याची कावीळ. एसजीपीटी ११८०, बिलिरुबिन ९. पण ए, ई, बी, सी, सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. पित्तनलिकेत खडा नव्हता. मी तीनदा विचारलं, "दुसरं काही औषध? जडीबुटी? काविळीचं गावठी औषध?" तीनही वेळा उत्तर एकच, "नाही हो, तुम्ही सांगितलं तेवढंच." शेवटी सोबत आलेली सून म्हणाली, "आई, ती पिवळी कॅप्सूल?" काकूंच्या लेखी ते औषध नव्हतंच. आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत माझ्याही लेखी नव्हतं.

कॅप्सूल बंद केली. यकृततज्ज्ञांकडे पाठवलं. नशिबाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली नव्हती, म्हणजे लिव्हर पूर्ण हात टेकण्याच्या अवस्थेत गेलं नव्हतं. रिपोर्ट नॉर्मल व्हायला दहा आठवडे लागले. हे कॅप्सूलमुळेच झालं असं कोर्टात शपथेवर सांगता येणार नाही. अशा दुखापतीचं निदान बाकी सगळी कारणं एकेक करून वगळत आणि तारखा जुळवतच करावं लागतं. पण तारखा जुळत होत्या, आणि त्यानंतर मी या विषयावर जे वाचलं त्याने माझी खात्री पटली.

आता मुळापासून सुरुवात करू.

फॅटी लिव्हर म्हणजे यकृताच्या पेशींत चरबी साठणं. यकृताच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी दिसली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पूर्वी 'दारू न पिणाऱ्यांचं फॅटी लिव्हर' असं लांबलचक नाव होतं. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ते बदललं, कारण त्या नावात रोग कशामुळे झाला नाही एवढंच सांगितलं होतं, कशामुळे झाला ते नव्हतं. आता त्याला चयापचयाशी निगडित फॅटी लिव्हर म्हणतात. पोटाचा घेर, वाढलेली साखर, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स, रक्तदाब ही सगळी एकाच कुटुंबातली मंडळी आणि फॅटी लिव्हर त्यांचंच भावंड. भारतातल्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ३८ टक्के निघालं. म्हणजे दहा माणसांत जवळजवळ चार.

"पण मी तर जाड नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट आहे. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्त चरबी कोणाची, ते सांगायला नको. आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी चरबी पोटात आणि लिव्हरमध्ये साठवण्यात पटाईत आहोत. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा असं सांगतात.

लिव्हरमधली ही चरबी बहुतेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं गप्प बसून राहते. काहींच्या बाबतीत मात्र तिच्यामुळे यकृताला सूज येते, सुजेतून व्रण पडतात, व्रणांचं जाळं वाढत गेलं की सिरॉसिस होतो. हा प्रवास दहा-वीस वर्षांचा असतो, आणि यात दारूचा थेंबही लागत नाही.

आता हळदीकडे येऊ. हळदीला पिवळा रंग देणारा पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. १८१५ मध्ये तो प्रथम वेगळा केला गेला, त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये कळली. हळदीच्या पावडरीत तो साधारण तीन टक्के असतो, जातीनुसार थोडा कमी-जास्त. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वर्ध्याच्या वायगाव हळदीला त्याआधीच मिळालं होतं. आपल्याकडे हळद म्हणजे नुसता मसाला नाही. लग्नाच्या आदल्या दिवसापासून ते गुडघा खरचटेपर्यंत ती सगळीकडे असते. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांना मिळालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ पुराव्याला लावून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. माझ्या पिढीला ती बातमी वाचून झालेला आनंद आजही आठवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण या लेखानंतर "डॉक्टरांना आपल्या हळदीचा राग आहे" असे मेसेज येणार हे मला माहीत आहे. राग नाही. प्रेम आहे, म्हणूनच तिच्या नावावर काय विकलं जातंय याची काळजी वाटते.

कर्क्युमिनबद्दल एवढा उत्साह का निर्माण झाला, तेही न्यायाने सांगितलं पाहिजे. उंदरांना भरपूर चरबीचं खाणं देऊन लठ्ठ केलं आणि मग कर्क्युमिन दिलं, तर त्यांच्या लिव्हरमधली चरबी घटते, सूज कमी होते, इन्सुलिन बरं काम करू लागतं. पेशीमध्ये इंधन कमी पडलं की चालू होणारं एक बटण असतं, एएमपीके नावाचं. ते चालू झालं की चरबी बनवण्याचं काम मंदावतं आणि जाळण्याचं वाढतं. कर्क्युमिन ते बटण दाबतं. सुजेचा भोंगा वाजवणारं दुसरं एक बटण, एनएफ-कप्पा-बी, ते बंद करतं. ही दोन वाक्यं वाचून कोणालाही वाटेल की फॅटी लिव्हरवरचं औषध सापडलं. मलाही वाटलं असतं.

माणसांवरही अभ्यास झाले आहेत. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० लोकांवर नऊ महिन्यांचा प्रयोग झाला, तो २०१२ मध्ये छापून आला. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला, कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी एकालाही नाही. इराणमध्ये फॅटी लिव्हरच्या रुग्णांवर आठ-आठ आठवड्यांचे प्रयोग झाले, त्यातही सोनोग्राफी आणि एसजीपीटीत सुधारणा दिसली. जाहिरातीत छापले जातात ते हेच आकडे, आणि ते खोटे नाहीत.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे?

एक तर, सोनोग्राफीवरची ग्रेड ही फार ढोबळ गोष्ट आहे. आज एका सेंटरला ग्रेड २ सांगितलेलं लिव्हर उद्या दुसऱ्या सेंटरला ग्रेड १ होऊ शकतं, मशीन आणि बघणाऱ्याचा डोळा बदलला म्हणून. पन्नास-शंभर रुग्ण आणि आठ आठवडे एवढ्या भांडवलावर, वीस वर्षं चालणाऱ्या आजाराबद्दल निकाल देता येत नाही. आपल्याला खरा प्रश्न हा आहे की व्रण थांबतात का, सिरॉसिस टळतो का. त्याचं उत्तर या प्रयोगांत नाही. ते शोधण्याइतके ते मोठेही नव्हते आणि लांबही नव्हते.

दुसरं, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते: इराणमध्येच आणखी एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात सगळ्याच रुग्णांना आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम दिला. निम्म्यांना सोबत रोज दीड ग्रॅम कर्क्युमिन, निम्म्यांना खोटी कॅप्सूल. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांचं लिव्हर सुधारलं होतं. दोन्ही गटांत फरक मात्र नव्हता. म्हणजे माणूस नीट खायला आणि चालायला लागल्यावर कॅप्सूलला करायला काही काम उरलं नव्हतं. हा अभ्यास तुम्हाला कुठल्याही बाटलीवर छापलेला दिसणार नाही.

आणि मग शोषणाचा प्रश्न. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोहोचतच नाही. पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, आणि जे थोडं जातं त्याला आतडं आणि लिव्हर लगेच साखरेसारख्या एका रेणूची शेपटी जोडून बाहेरचा रस्ता दाखवतात. रोज आठ-आठ ग्रॅम देऊनही रक्तात ते नाममात्रच सापडलं. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन थेट ओततात, तिथे हा अडथळाच नसतो. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला. कर्क्युमिन हा अस्थिर पदार्थ आहे आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनाच तो फसवतो, त्यामुळे 'परिणाम दिसला' असं वाटतं, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. भरीला, या क्षेत्रातल्या एका फार गाजलेल्या संशोधकाचे अनेक शोधनिबंध नंतर मागे घेतले गेले. तेव्हा जुने उत्साही लेख वाचताना थोडी मिठाची चिमूट सोबत ठेवावी.

शोषण होत नाही, यावर उपाय निघाला तोही आपल्याकडेच. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ मध्ये असं दिसलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिलं तर रक्तात पोहोचणारं कर्क्युमिन वीसपट वाढतं. आजच्या बहुतेक बाटल्यांवर 'काळ्या मिरीच्या अर्कासह' असं जे मोठ्या अक्षरांत असतं, त्याचं मूळ हे.

पण मिरी हे करते कशी? तर आतड्यात आणि लिव्हरमध्ये बाहेरच्या पदार्थांची विल्हेवाट लावणारी जी यंत्रणा आहे, तिचा हात ती धरून ठेवते. ही यंत्रणा म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. मिरीने त्याला बाजूला बसवलं की कर्क्युमिन आत शिरतं. पण गेट उघडं राहिलं की फक्त कर्क्युमिनच आत येत नाही. फिट्सचं फेनिटॉइन, रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफायलिन, या औषधांचं रक्तातलं प्रमाण पिपरीनमुळे वाढतं हे दाखवलं गेलं आहे. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर हळदीच्या कॅप्सूलपासून चार हात लांबच राहावं. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एका रुग्णाची माहिती दिली होती: वॉरफरिन व्यवस्थित बसलेलं, हळदीचं सप्लिमेंट सुरू केलं, आणि आयएनआर दहाच्या वर गेला. साधारण दोन ते तीन असायला हवा. दहाच्या वर म्हणजे मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती.

आता थोडा हिशेब करू. घरात माणशी रोज साधारण एक ते दोन ग्रॅम हळद पोटात जाते, म्हणजे फोडणीतली आणि आमटीतली मिळून. त्यात कर्क्युमिन तीस ते साठ मिलिग्रॅम. तेही तेलात परतलेलं, जेवणात मिसळलेलं. उलट ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल म्हणजे ९५० मिलिग्रॅम कर्क्युमिन. तेवढं हळदीतून घ्यायचं तर तीस ग्रॅमच्या वर, सुमारे दहा चमचे हळद रोज खावी लागेल. आणि वर मिरीने त्याचं शोषण वाढवलेलं. खाद्यपदार्थांत रंग म्हणून कर्क्युमिन किती चालेल, याची आंतरराष्ट्रीय मर्यादा वजनाच्या दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम आहे. सत्तर किलोच्या माणसाला २१० मिलिग्रॅम. आपलं जेवण या मर्यादेच्या खूप आत आहे. बाटली तिच्या चौपटीहून पुढे.

"हळद आपण हजारो वर्षं खातोय, काय होतं?" हे वाक्य मी रोज ऐकतो. खरं आहे, हजारो वर्षं खातोय. पण हे आपण हजारो वर्षं खाल्लेलं नाही. रसायनं वापरून हळदीतून एकच रेणू वेगळा काढायचा, ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध करायचा, कधी त्याचे अतिसूक्ष्म कण करायचे, कधी त्याला चरबीचं वेष्टन चढवायचं, हे आधुनिक औषधनिर्मितीचं तंत्र आहे. त्याला आजीच्या बटव्याचं नाव देऊन विकू नये. माझे एक आयुर्वेदाचे वैद्य मित्र आहेत, त्यांनाही ही बाटली मान्य नाही. ते म्हणतात, आमच्याकडे द्रव्य, मात्रा, अनुपान, प्रकृती सगळं बघून देतात, यात काय बघितलंय? आमचे दोघांचे मतभेद बरेच आहेत, पण यावर नाही.

लिव्हरला इजा होते याचे पुरावे आता जगभरातून आले आहेत. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर हेपॅटायटिस झालेल्यांची संख्या वीसच्या वर गेली आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाला बाटल्यांवर इशारा छापायला लावावं लागलं. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये असाच इशारा दिला. त्यांच्याकडच्या नोंदींत एक मृत्यूही होता. अमेरिकेत औषधांमुळे लिव्हरला होणाऱ्या इजांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांनी हळदीच्या दहा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी आठ बायका. पाच जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं, एकाचा लिव्हर निकामी होऊन मृत्यू झाला. सात जणांच्या बाटल्या प्रयोगशाळेत तपासल्या तर सातही बाटल्यांत हळदच होती, दुसरं काही भेसळीचं विष नव्हतं. तिघांच्या बाटलीत पिपरीन होतं. आणि दहापैकी सात जणांमध्ये एचएलए-बी ३५:०१ नावाचा एक विशिष्ट जनुकप्रकार सापडला. म्हणजे काही माणसांची प्रतिकारशक्ती जन्मतःच अशी घडलेली असते की या पदार्थाला ती शत्रू समजते आणि त्या झटापटीत लिव्हर भाजून निघतं. तुमच्याकडे तो जनुकप्रकार आहे की नाही, हे नेहमीच्या रक्ततपासणीत कळत नाही.

प्रमाणाचं भान मात्र सोडायला नको. जगात लाखो लोक या कॅप्सूल घेतात आणि बहुतेकांना काहीच होत नाही. त्यांना अपाय होत नाही, आणि माझ्या मते फारसा फायदाही होत नाही. पैसे तेवढे जातात. ज्या थोड्यांना होतो त्यांना मात्र जोरात होतो. ज्याचा फायदा सिद्ध नाही अशा गोष्टीसाठी हा धोका, तोही ज्या अवयवाच्या भल्यासाठी घेतोय त्याच अवयवाला, हा व्यवहार मला पटत नाही. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीला आपण हा हिशेब विचारतो. मग हिला का विचारायचा नाही? अन्नपूरक म्हणून विकलं जातं म्हणून 'उपयोग होतो' हे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर येत नाही, आणि नैसर्गिक आहे म्हणून आपण विचारत नाही. धोत्राही नैसर्गिकच आहे आणि कण्हेरही.

मग फॅटी लिव्हरसाठी काय उपयोगी पडतं? इथे चांगली बातमी आहे, फक्त ती बाटलीत मिळत नाही. क्यूबामध्ये २९३ रुग्णांवर वर्षभराचा एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात नुसती सोनोग्राफी न करता लिव्हरचा तुकडा काढून आधी आणि नंतर तपासला होता. ज्यांनी वजन दहा टक्के किंवा जास्त घटवलं त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांची लिव्हरची सूज गेली, आणि ४५ टक्के लोकांचे व्रणसुद्धा मागे हटले. व्रण मागे हटणं ही आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे; मी शिकत होतो तेव्हा ते होऊ शकतं असं कोणी सांगतही नव्हतं. पाच टक्के घटलं तरी चरबी कमी व्हायला लागते. म्हणजे ७८ किलोच्या काकूंना चार किलोपासून फरक पडायला सुरुवात, आणि आठ किलोंवर खरा फरक.

चार किलो वर्षभरात. महिन्याला साडेतीनशे ग्रॅमसुद्धा नाही. हे ऐकल्यावर बरेच जण "एवढंच?" म्हणतात. मी हो म्हणतो, पण ते टिकवायचं असतं, आणि तिथेच गाडी अडते. साखर घातलेला चहा दिवसातून पाच वेळा, दुपारी फरसाण, रात्री दहाला जेवण आणि लगेच झोप, हे बदलल्याशिवाय चालण्याने फार होत नाही. सगळ्यात आधी काय बंद करू असं विचाराल तर मी पेय म्हणेन: कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस, सरबतं. त्यातली फ्रुक्टोज साखर थेट लिव्हरमध्ये जाते आणि तिथे तिची चरबी बनते. ताटात भाताचा डोंगर कमी करा आणि उसळ, डाळ, पालेभाजी वाढवा. भाकरी चालेल, पण चार भाकरी नाही. दारू घेत असाल तर फॅटी लिव्हर असताना तिची सुरक्षित मात्रा मला सांगता येणार नाही, बंद करा. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर घ्या. कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचे व्रण कमी आढळतात.

औषधंही आता आली आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये रेसमेटिरॉमला आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला, सूज आणि व्रण असलेल्या फॅटी लिव्हरसाठी मान्यता मिळाली. त्यांचे दुष्परिणाम आहेत, किमती आहेत, आणि ती सगळ्यांसाठी नाहीत. कोणाला लागतील हे तुमच्या डॉक्टरांनी व्रणांची तपासणी करून ठरवायचं. त्यासाठी एक साधा हिशेब आहे, फिब-४ नावाचा. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स, एवढ्या चार आकड्यांवर तो निघतो. हे चारही आकडे तुमच्या जुन्या फायलीत बहुधा आधीच असतात, नवीन खर्च नाही. तो १.३ च्या खाली असेल तर व्रणांची शक्यता कमी. वर असेल तर फायब्रोस्कॅन करावा. पासष्टच्या पुढच्या वयात हा आकडा वयामुळेच थोडा वाढतो, तेव्हा घरी कॅल्क्युलेटर घेऊन घाबरत बसू नका, पुढच्या भेटीत विचारा. 'ग्रेड १ की ग्रेड २' यापेक्षा हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे.

आता ज्यांच्या कपाटात ती बाटली आधीच आहे त्यांच्यासाठी. हळूहळू कमी करण्याची गरज नाही, आजपासून बंद केली तरी चालते. गेल्या काही महिन्यांत घेत असाल तर एकदा लिव्हरची तपासणी करून घ्या. भूक मंदावली, सारखी मळमळ होतेय, लघवी गडद झालीय, अंगाला खाज सुटतेय, डोळे पिवळे वाटतायत, यातलं काहीही असेल तर सोमवारपर्यंत थांबू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. कावीळ उतरवणारी माळ घालून आठवडा घालवू नका; लिव्हर आपोआप सुधारलं तर श्रेय माळेला जातं, आणि नाही सुधारलं तर वेळ हातातून गेलेली असते. पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल तर तुम्ही यातलं काही घेताय हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

रात्रीचं हळदीचं दूध? पाव चमचा हळद घालून प्या, मला हरकत नाही. मीही सर्दी झाली की पितो. साखर मात्र नको, आणि त्याने फॅटी लिव्हर जाईल असं समजून वाटीभर हळदही घालू नका. हळद घेताना सुटी, फार भडक पिवळी दिसणारी घेऊ नका. हळकुंडाला चकाकी यावी म्हणून शिसं असलेला रंग चोळण्याचे प्रकार बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर उघडकीला आले होते. ओळखीच्या ठिकाणची हळकुंडं आणून दळून घेता आली तर उत्तम.

त्या प्रसंगानंतर मी माझ्या केसपेपरवर एक रकाना वाढवला आहे: 'औषध नसलेलं काय घेता?' त्यात लोक काय काय सांगतात हे ऐकलंत तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. कोणी गुळवेलीचा रस घेतो, कोणी प्रोटीन पावडर, कोणी जावयाने आणलेल्या ग्रीन टीच्या गोळ्या.  हे मला माहीत असलेलं बरं.

काकू आता दर तीन महिन्यांनी येतात. वजन ७१ वर आलंय. एसजीपीटी मागच्या वेळी ३४ होतं. त्यांच्या मुलाने मध्यंतरी पुन्हा काहीतरी पाठवलं, या वेळी हिरव्या रंगाची बाटली. ती न उघडता त्या थेट माझ्या टेबलावर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आधी लेबल नीट वाचा, मग सांगा."

मी वाचलं. चष्मा लावून, पूर्ण.